हाशिमोटो, आतड्यातले जिवाणू आणि सकाळची गोळी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे असाच प्रश्न असलेल्या इतरांनाही उत्तर उपयोगी पडेल. तुमच्या धाकट्या बहिणीचं वय ३३, सासर गडहिंग्लजला, मुलगा पाच वर्षांचा. काही महिन्यांपासून थकवा, केस गळणं, पोट साफ न होणं. तपासणीत टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं मेंदूकडचं हार्मोन) १४.२, फ्री टी-फोर (रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन) कमी, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची अँटीबॉडी) ६०० च्या वर. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी हाशिमोटो थायरॉइडायटिस असं निदान करून थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्याच हार्मोनची, गोळी सुरू केली. त्याच सुमारास तिने एक ऑनलाइन आहार-कोर्स लावला. तिथे सांगितलं गेलं की आजाराचं मूळ आतड्यात आहे. गहू आणि दूध पूर्ण बंद करा, शौचाची जिवाणू-तपासणी करून घ्या, प्रोबायोटिकच्या, म्हणजे जिवंत उपयुक्त जिवाणूंच्या, पुड्या घ्या, चार महिन्यांत गोळी सुटेल. आता बहीण गोळी एक दिवसाआड घेते आहे, आणि यात तथ्य किती असं तुम्ही विचारता.

सगळ्यात आधी एकच गोष्ट. बहिणीला आजच फोन करा आणि उद्या सकाळपासून गोळी पुन्हा रोज, सांगितलेल्या मात्रेत घ्यायला लावा. बाकीचं नंतर सावकाश वाचलं तरी चालेल. थायरॉक्सिन शरीरात हळूहळू ओसरतं, त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला जवळजवळ आठवडा लागतो. म्हणून एक दिवस गोळी चुकवली तर काही जाणवत नाही, आणि माणसाला वाटतं की गोळीवाचूनही बरं चाललंय. त्रास जाणवायला लागतो तो काही आठवड्यांनी. तोवर टीएसएच बराच वर गेलेला असतो.

आता मूळ प्रश्न. आतड्यातल्या जिवाणूंचा आणि थायरॉइडच्या स्वयंप्रतिकार आजाराचा (ज्यात शरीर स्वतःवरच हल्ला करतं) संबंध ही कोणी रचलेली गोष्ट नाही. त्यावर जगभर गांभीर्याने काम चाललं आहे आणि मी स्वतः ते आवडीने वाचतो. माझं म्हणणं एवढंच आहे की जे अजून सिद्ध व्हायचंय त्याच्या नावावर तुमच्या बहिणीला वस्तू विकल्या जात आहेत, आणि आतड्याविषयी जे आज पक्कं ठाऊक आहे, ज्याचा तिला उद्यापासून उपयोग होईल, ते तिला कोणी सांगितलेलं नाही.

आजार काय आहे ते आधी पाहू. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने चार स्त्रियांच्या गळ्यातल्या गाठींचा अभ्यास करून लिहिलं की या ग्रंथींमध्ये पांढऱ्या पेशींची दाटी झालेली आहे. ती दाटी का झाली, हे कळायला १९५६ साल उजाडलं. लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध अँटीबॉडी असतात. शरीराची संरक्षण व्यवस्था आपल्याच ग्रंथीला परकी समजते आणि वर्षानुवर्षं तिला पोखरत राहते. ग्रंथी थकली की हार्मोन कमी पडतं, मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवून तिला हाकत राहते, आणि रिपोर्टवर आपल्याला तो चढलेला आकडा दिसतो.

हा आजार दुर्मीळ नाही. भारतातल्या आठ शहरांत पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉइडची कमतरता होती, आणि अँटी-टीपीओ जवळजवळ २२ टक्के लोकांत सापडलं. म्हणजे दर पाच जणांत एकाच्या रक्तात ही अँटीबॉडी आहे, पण त्यातल्या बऱ्याच जणांची ग्रंथी व्यवस्थित चालते. मग काहींचीच ग्रंथी का ढासळते? जुळ्या भावंडांच्या डॅनिश अभ्यासांतून दिसतं की या अँटीबॉडी होण्याच्या प्रवृत्तीत अनुवंशाचा वाटा खूप मोठा, जवळपास तीन-चतुर्थांश आहे. उरलेला भाग बाहेरून येतो: आयोडीन, गर्भारपण आणि बाळंतपण, काही औषधं, काही जंतुसंसर्ग. आतड्यातल्या जिवाणूंचं नाव याच उरलेल्या भागात घेतलं जातं.

ते घेण्याला भक्कम कारण आहे. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आहेत, बहुतेक मोठ्या आतड्यात, आणि त्यांचं एकूण वजन पाव किलोच्या आतबाहेर. शरीराच्या संरक्षण पेशींचा मोठा वाटाही आतड्याच्याच भिंतीत असतो. अन्न कोणतं, मित्र जंतू कोणता, शत्रू कोणता, हे ओळखायला या पेशी तिथेच शिकतात. आपण खाल्लेला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी लहान मेदाम्लं तयार करतात. ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसतात, शिवाय संरक्षण व्यवस्थेला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी त्यामुळे वाढतात. उंदरांमध्ये हे २०१३ मध्ये एकाहून अधिक प्रयोगशाळांनी दाखवलं. उलट काही जिवाणू दाह वाढवणाऱ्या पेशींना चेतवतात. दुसरा तर्क नकलेचा आहे: एखाद्या जंतूचं प्रथिन आपल्या थायरॉइडच्या प्रथिनासारखं दिसतं, आणि जंतूविरुद्ध केलेलं हत्यार चुकून ग्रंथीवर चालतं. ग्रेव्ह्ज आजाराच्या (यात थायरॉइड गरजेपेक्षा जास्त चालतो) बाबतीत यर्सिनिया नावाच्या जंतूवर असा संशय कित्येक दशकं आहे. प्रयोगशाळेत साम्य दिसतं, पण प्रत्यक्ष माणसांतले पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत. ग्रेव्ह्ज आजारात डोळे बाहेर येतात, त्या प्रकाराच्या उंदरांवरच्या प्रयोगात व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक देऊन आतड्यातले जिवाणू बदलले, तेव्हा डोळ्यांतले बदल कमी झाले. मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात जिवाणू आधी बदलले आणि आजार नंतर.

माणसांत मात्र असं स्पष्ट दिसत नाही. बहुतेक अभ्यास असे आहेत: हाशिमोटोचे चाळीस-पन्नास रुग्ण घ्यायचे, तेवढेच निरोगी लोक घ्यायचे, दोघांच्या शौचातले जिवाणू मोजायचे आणि फरक पाहायचा. फरक सापडतो. पण एका देशातल्या अभ्यासात जो जिवाणू कमी दिसतो तो दुसऱ्या देशातल्या अभ्यासात जास्त दिसतो. आणि यात एक मोठी अडचण आहे, जी तुमच्या बहिणीला कोर्सवाल्यांनी सांगितलेली नाही. थायरॉइड हार्मोन कमी पडलं की आतड्याची हालचाल मंदावते. अन्न जास्त वेळ पडून राहतं, पोट फुगतं, शौचाला घट्ट होतं, आणि लहान आतड्यात एरवी नसतात तितके जिवाणू वाढतात. २००७ च्या एका इटालियन अभ्यासात हाशिमोटोमुळे थायरॉइड कमी झालेल्या ५० जणांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत लहान आतड्यातली ही वाढ सापडली, निरोगी लोकांत ती शंभरात पाच जणांतच होती. म्हणजे आजारच जिवाणू बदलतो. पंचगंगेला पूर आला की पाणी गढूळ होतं. पाणी गढूळ झालं म्हणून पूर आला असं आपण म्हणत नाही. रुग्णाच्या शौचात जिवाणू वेगळे दिसले म्हणून त्यांनीच आजार केला, हा निष्कर्ष काढायचा तर आजार होण्याच्या आधीपासून, नुसत्या अँटीबॉडी असलेल्या माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागेल. ते काम सोपं नाही.

त्यात माणसागणिक आणि प्रांतागणिक जिवाणू वेगळे. भोपाळ आणि केरळमधल्या लोकांची तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. भोपाळच्या शाकाहारी लोकांत प्रेव्होटेला या गटाचं राज्य, केरळच्या मिश्राहारी लोकांत वेगळीच मंडळी. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर बरंच काम झालं आहे, आणि पाश्चात्त्य देशांतल्या लोकांपेक्षा आपली ठेवण निराळी आहे हे त्यातून वारंवार दिसतं. आता मला सांगा, ज्वारीची भाकरी, भात, आमटी आणि रविवारी तांबडा-पांढरा खाणाऱ्या गडहिंग्लजच्या बाईच्या शौचातले जिवाणू ‘बिघडले’ आहेत, हे कोणत्या मापाने ठरवणार? हजारो रुपये घेऊन येणाऱ्या त्या रंगीत रिपोर्टमध्ये आकडे असतात, पण त्यांच्यावरून हाशिमोटोचा उपचार ठरवता येत नाही. मागच्या महिन्यात अँटिबायोटिक घेतलं असेल, चार दिवस लग्नाचं जेवण झालं असेल, पोट बिघडलं असेल, तरी ते आकडे बदलतात. ‘लीकी गट’साठी, म्हणजे आतड्याची भिंत झिरपते का हे पाहायला, झोन्युलिन हे प्रथिन मोजतात, ती चाचणी नक्की कोणतं प्रथिन पकडते यावरच तज्ज्ञांत वाद आहे. मी माझ्या कोणत्याही थायरॉइड रुग्णाला या दोन्ही तपासण्या करायला सांगत नाही. ते पैसे वाचवा.

प्रोबायोटिकचं म्हणाल तर त्याचे प्रयोग झाले आहेत. सगळे एकत्र पाहिले तर टीएसएच किंवा अँटी-टीपीओमध्ये उपचार बदलावा इतका फरक पडलेला नाही. काहींना पोट फुगणं कमी वाटतं, शौचाला बरं होतं. तेवढ्यासाठी कोणी काही दिवस घेतलं तर माझी हरकत नाही. पण थायरॉइडचं औषध म्हणून नको.

आता ज्या भागाविषयी मला मनापासून बोलायचं आहे तिथे येतो. हाशिमोटोच्या रुग्णासाठी आतडं आज, या क्षणी महत्त्वाचं आहे, कारण रोजची गोळी त्याच वाटेने आत जाते. आणि ज्यांची संरक्षण व्यवस्था थायरॉइडवर उलटते, त्यांच्यापैकी काहींच्या जठरावर आणि आतड्यावरही ती उलटलेली असते.

गोळीपासून सुरुवात करू. थायरॉक्सिन जठरातल्या आम्लात विरघळतं आणि लहान आतड्यात शोषलं जातं, उपाशीपोटी घेतलं तर साधारण ६० ते ८० टक्के. पोटात अन्न असलं की ते कमी होतं. मी रुग्णाला विचारतो, गोळी कशी घेता? उत्तर येतं, “चहाबरोबरच घेते की, डॉक्टर, नाहीतर ध्यानात राहत नाही.” आपल्याकडचा सकाळचा चहा म्हणजे म्हशीच्या दाट दुधाचा. दुधातलं कॅल्शियम थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि तेवढी गोळी वाया जाते. कॉफीनेही शोषण कमी होतं. म्हणून गोळी साध्या पाण्याबरोबर, त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही, मग चहा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर चार तासांच्या अंतराने. आपल्याकडे बायकांना रक्तवाढीची गोळी आणि थायरॉइडची गोळी दोन्ही असतात, आणि विसरायला नको म्हणून दोन्ही एकदमच घेतल्या जातात. टीएसएच चढतो, डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि खरं कारण तसंच राहतं. ज्यांना पहाटे उठून गोठ्यात जावं लागतं, धारा काढून चहा झाल्यावरच जरा बसायला मिळतं, त्यांनी रात्री जेवल्यानंतर तीन तासांनी, झोपताना गोळी घेतली तरी चालते. त्यावर नीट प्रयोग झालेला आहे, रात्रीची गोळी सकाळच्या गोळीपेक्षा कमी पडत नाही. फक्त वेळ एक ठरवा आणि तीच पाळा.

दुसरं, ॲसिडिटीची गोळी. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल आपल्याकडे औषधाच्या दुकानातून सहज मिळतात आणि लोक त्या वर्षानुवर्षं घेतात. जठरातलं आम्ल कमी झालं की थायरॉक्सिन नीट विरघळत नाही. बहीण घेत असेल तर तिच्या डॉक्टरांना सांगा. ती गोळी खरोखर लागते का हे ठरवता येईल, आणि लागत असेल तर थायरॉइडची मात्रा त्याप्रमाणे जुळवता येईल.

तिसरं, एक जिवाणू असा आहे ज्याचं नाव या विषयात मी ठामपणे घेतो: हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो जठराच्या अस्तरात राहतो, भारतात अर्ध्याहून अधिक प्रौढांच्या पोटात असतो, आणि बहुतेकांना त्रास देत नाही. २००६ मध्ये रोममधल्या एका गटाने दाखवलं की पायलोरीने जठराला सूज आलेल्या किंवा जठराचं अस्तर झिजलेल्या रुग्णांना थायरॉक्सिनची मात्रा इतरांपेक्षा सुमारे २२ ते ३४ टक्के जास्त लागत होती, आणि पायलोरीचा बंदोबस्त केल्यावर टीएसएच खाली आला. मात्रा वाढवत नेली, गोळी वेळेवर आहे, उपाशीपोटी आहे, तरी टीएसएच उतरत नाही, असा रुग्ण समोर असला की मी पायलोरीची तपासणी करतो. सरसकट सगळ्यांची करत नाही, कारण मग निम्म्या जिल्ह्याला अँटिबायोटिकं द्यावी लागतील.

जठराचं अस्तर झिजण्याचं आणखी एक कारण आहे, आणि तेही स्वयंप्रतिकारच. आम्ल तयार करणाऱ्या पेशींवर शरीरच हल्ला करतं. हाशिमोटोच्या रुग्णांत हा प्रकार इतरांपेक्षा कितीतरी जास्त सापडतो. थायरॉइड आणि जठर यांचा हा जोड १९६० च्या दशकापासून डॉक्टरांना माहीत आहे. त्यात लोह शोषलं जात नाही, पुढे बी-१२ ही शोषलं जात नाही. मग टीएसएच सुधारूनही बाई म्हणते, “अंगात काय जीवच नाही.” हातापायांना मुंग्या, धाप, जिभेची आग. तिला वाटतं थायरॉइडच बरा होत नाही, आणि प्रत्यक्षात बी-१२ तळाला गेलेलं असतं. तुमच्या बहिणीचे केस गळतायत, थकवा आहे. थायरॉइडच्या बरोबर तिचं हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ पाहून घ्या. माझ्या मते रंगीत जिवाणू-रिपोर्टपेक्षा या तीन साध्या तपासण्यांतून तिच्या आतड्याविषयी जास्त कळेल.

चौथं, गहू. इथे कोर्सवाल्यांच्या सल्ल्यात खऱ्याचा एक अंश आहे, आणि तो त्यांनी चुकीच्या क्रमाने वापरला. गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर सपाट होणं, म्हणजे सिलिॲक आजार, हाही स्वयंप्रतिकारच आहे आणि थायरॉइडच्या रुग्णांत तो काही पटींनी जास्त आढळतो. उत्तर भारतात सर्वसाधारण लोकांत त्याचं प्रमाण सुमारे १.२ टक्के, दक्षिणेत सुमारे ०.१ टक्के आहे. आपण भाकरी-भाताचा आणि पोळीचा असा मधला मुलूख आहोत. ज्याला सिलिॲक आहे त्याने गहू, मैदा, रवा, जव आयुष्यभर सोडायलाच हवेत. त्याने आतडं भरून येतं, लोह आणि गोळी नीट शोषली जाते. ज्याला नाही, त्याने गहू सोडून थायरॉइडला फायदा होतो असं खात्रीने दाखवणारे मोठे प्रयोग झालेले नाहीत.

अडचण अशी की सिलिॲकची रक्त-तपासणी गहू खात असतानाच करायची असते. गहू बंद केल्यावर त्या अँटीबॉडी उतरतात आणि आजार असूनही तपासणी कोरी येते. बहिणीने गहू सोडला आहे, म्हणजे तिच्यासाठी ही वाट तूर्त बंद झाली. मी असं करेन: तिला आधी विचारा की गहू सोडल्यावर जुलाब, पोटदुखी किंवा अंगावर पुरळ असं काही थांबलं का. काहीच फरक नसेल तर सहा ते आठ आठवडे रोज दोन चपात्या खायला लावा आणि मग टीटीजी-आयजीए ही सिलिॲकची रक्त-तपासणी, जोडीला एकूण आयजीए. गहू पुन्हा सुरू करताच खूप त्रास झाला तर बळजबरी करू नका; एचएलए डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ची जनुक तपासणी गहू न खाताही करता येते, आणि ती दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ नाहीच असं म्हणता येतं.

दूध बंद करायचं का? दुधातली साखर न पचणारे लोक आपल्याकडे बरेच आहेत. तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात अशा हाशिमोटो रुग्णांचा लॅक्टोज बंद केल्यावर टीएसएच कमी झाला, पण तो फरक गोळीचं शोषण सुधारल्याचा होता. ग्रंथी बरी झाली असा त्याचा अर्थ नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिऊन ज्याच्या पोटात काही होत नाही, त्याने दूध सोडण्याचं कारण नाही. ज्याला गॅस आणि जुलाब होतात त्याने दूध सोडून दही-ताक घ्यावं, बहुतेकांना ते पचतं. कॅल्शियम तरी मिळायला हवं.

आता प्रश्न उरतो, ‘गोळी सुटली’ म्हणणाऱ्या बायका खोटं बोलतात का? नाही. बाळंतपणानंतर वर्षभरात थायरॉइडला सूज येऊन हार्मोन कमी पडू शकतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणींची ग्रंथी वर्ष-दीड वर्षात आपणहून सावरते. त्या काळात एखादी कोर्स करत असेल तर श्रेय कोर्सला जातं. किंचित वाढलेला टीएसएच, ७ किंवा ८, दुसऱ्यांदा तपासला तर आपोआप नॉर्मल निघतो, असंही पुष्कळदा होतं. आणि एक फसवी गोष्ट: केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या. त्यांच्यामुळे बऱ्याच प्रयोगशाळांच्या यंत्रांत टीएसएच खोटा कमी दिसतो. रिपोर्ट बरा आला म्हणून गोळी सोडली, आणि तो आकडा मुळात खोटा होता, असं घडतं. तपासणीच्या आधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा. तुमच्या बहिणीचा मुलगा पाच वर्षांचा आहे, फ्री टी-फोर कमी आहे, टीएसएच १४ आहे, अँटीबॉडी चढलेल्या आहेत. तिची ग्रंथी आपोआप सावरेल याची शक्यता मला कमी वाटते.

अँटी-टीपीओचा आकडा परत परत तपासू नका. ६०० चे ४०० झाले म्हणून उपचार बदलत नाही, १००० झाले म्हणूनही बदलत नाही. निदानासाठी तो एकदा पुरतो. सेलेनियमच्या गोळ्यांनी हा आकडा थोडा उतरतो, पण डेन्मार्कमध्ये वर्षभर रोज २०० मायक्रोग्रॅम देऊन पाहिलं तर रुग्णांच्या रोजच्या जगण्यात फरक पडला नाही. समुद्री शेवाळाच्या, ‘थायरॉइड सपोर्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या मात्र हातीही धरू नका. त्यातलं भरमसाट आयोडीन हाशिमोटो वाढवू शकतं. त्याच भीतीने आयोडीनयुक्त मीठ सोडून सैंधवावर जाणंही चूक. साधं आयोडीनयुक्त मीठ, जेवणापुरतं, हेच बरोबर. ड जीवनसत्त्वाविषयी एक चांगला पुरावा आहे: अमेरिकेतल्या २५ हजारांहून अधिक लोकांच्या प्रयोगात रोज २००० युनिट पाच वर्षं घेणाऱ्यांत सर्व स्वयंप्रतिकार आजार मिळून २२ टक्के कमी झाले, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ते पन्नाशी ओलांडलेल्या, आजार नसलेल्या लोकांत होतं. झालेला हाशिमोटो त्याने बरा होत नाही. पण बहिणीचं ड कमी असेल तर ते भरून काढावं.

आतड्यातल्या जिवाणूंसाठी काहीतरी करायचंच असेल, आणि करावंच असं मलाही वाटतं, तर त्याला पुड्या लागत नाहीत. आपल्या आजीच्या ताटात ते होतं. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागात नाचणी पिकते. तिची आंबील, त्यात ताक. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, हुलगे, शेंगदाण्याची चटणी. या चोथ्यावरच ते ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू जगतात. याने अँटीबॉडी जातील असं मी म्हणणार नाही. पोट साफ होईल, वजन आवरेल, साखर ताब्यात राहील. कोबी-फ्लॉवर शिजवून खायला हरकत नाही. फक्त भरपूर चोथा एकाएकी सुरू केला तर गोळीचं शोषणही थोडं बदलतं, म्हणून आहार स्थिरावल्यावर टीएसएच पुन्हा पाहा. आणि सर्दी-पडशाला दुकानातून आणलेली अँटिबायोटिकं थांबवा. आतड्यातल्या जिवाणूंचं सर्वात मोठं नुकसान त्यांनी होतं.

एक बारीकशी गोष्ट पावसाळ्याची. थायरॉक्सिन दमटपणाने आणि उष्णतेने खराब होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. गोळ्यांची बाटली चुलीजवळच्या फडताळात किंवा न्हाणीघराच्या खिडकीत नको. झाकण घट्ट लावून कपाटात ठेवा, आणि आठवड्याच्या गोळ्या काढून उघड्या डबीत ठेवू नका.

तर बहिणीसाठी क्रम असा. गोळी उद्यापासून रोज, पाण्याबरोबर, चहाच्या आधी तासभर. पुड्या बंद केल्या तरी काही बिघडणार नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व याच आठवड्यात करा. टीएसएच आणि फ्री टी-फोर सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी तपासून उपयोग नाही, कारण आकडा स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. सिलिॲकची तपासणी वर सांगितल्याप्रमाणे. टीएसएच तरीही उतरला नाही, तर मात्रा वाढवण्याआधी डॉक्टरांना पायलोरीविषयी आणि ॲसिडिटीच्या गोळीविषयी आठवण करा. कोर्समध्ये काय काय घेतलं त्याची यादी आणि पुड्यांची वेष्टणंही त्यांना दाखवा. लपवू नका, ते रागावणार नाहीत.

तिला दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. गर्भ राहण्यापूर्वी टीएसएच २.५ च्या खाली आणतात. पहिले काही महिने बाळ आईच्याच थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असतं आणि आईची गरज लगेच पाव पटीने किंवा त्याहून जास्त वाढते. पाळी चुकली आणि चाचणीत दोन रेघा आल्या, तर त्याच दिवशी फोन करायचा. साधारणपणे आठवड्याला दोन गोळ्या जास्त घ्यायला सांगतात, आणि पहिल्या पाच महिन्यांत दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासतात.